डोलकाठीला टांगलेले रक्त

रेवदंड्याच्या दवाखान्यात मी रोज सकाळी बसत असे. मुंबईच्या एका दैनिकाला बातम्या पाठवणे हे माझे काम, आणि दवाखान्यात त्या आयत्या मिळत. बदल्यात मी डॉक्टरांची पत्रे लिहून देई, कारण त्यांचे अक्षर मुंबईच्या प्रयोगशाळेत कुणाला लागत नसे. त्यामुळे हे प्रकरण मला ठाऊक झाले.

त्या हिवाळ्यात एक म्हातारी सुनेला घेऊन आली. सुनेची दोन बाळे पोटातच गेली होती. नवरा आगबोटीवर खलाशी, महिन्याच्या रजेवर घरी आलेला.

"डाक्टर, हिच्यात काय खोट हाय ती लिवून द्या," म्हातारी म्हणाली. "होळीनंतर पोर पुन्हा रजेवर आला की त्याचं दुसरं लगीन लावायचं हाय."

"दुसरीचंही असंच झालं तर?"

"ती काय हिच्यावाणी करंटी असंल?"

सून खाली पाहत उभी होती. डॉक्टरांनी मुलाला पाठवायला सांगितले.

तो दुसऱ्या दिवशी आला. लग्नाआधी एका परक्या बंदरात बाईकडे गेल्याने त्याला परमा झाला होता; जहाजावरच्या औषधाने थांबला. डॉक्टरांनी काचेवर स्रावाचा थेंब घेतला, निळा रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काही सापडले नाही.

"बघा, साफ हाय मी!"

"परमा नाही, एवढंच. त्या दिवसांत चट्टा, फोड काही?"

"एक झालेला. दुखला न्हाय. दोर घासला असंल. आपोआप गेला."

"दोर तिथं कसा घासला, बाबा?"

तो हसला. डॉक्टरांनी समजावले : परम्यात जळजळ होते, पू येतो, आणि तो काचेवर दिसतो. गरमी, म्हणजे उपदंश, हा वेगळा रोग; तिचा पहिला व्रण दुखत नाही, औषधाशिवाय भरतो, आणि माणूस बरा झालो समजतो. रोग रक्तात राहतो, बायकोला लागतो, पोटातले मूल मारतो. तो आहे की नाही, हे रक्त मुंबईला पाठवल्याशिवाय सांगता येत नाही.

नवराबायकोच्या रक्ताच्या दोन बाटल्या मचव्याने, म्हणजे शिडाच्या होडीने, मुंबईला गेल्या. आठवड्याने उत्तर आले : रक्त नासले, तपासणी झाली नाही.

मचवा हाकणाऱ्या तांडेलाला विचारले. मचव्याच्या पोटात सावली होती, पण तिथे कोनाड्यात देवाचा नारळ असे.

"रगत काय देवाच्या बाजूला ठेवू?" तो म्हणाला. "वर डोलकाठीला टांगलं. वारा लागतो तिथं."

वाऱ्याबरोबर दिवसभराचे ऊनही लागले होते. त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता.

खलाशाच्या रजेचे आता दहाच दिवस उरले होते. पुन्हा सुई म्हटल्यावर तो मागे सरला. "एकदा दिलं रगत. देवाच्याच मनात नसंल."

त्याची बायको तोवर दवाखान्यात एक शब्द बोलली नव्हती. तिने बाही वर केली. "माझं घ्या, डाक्टर. ह्यांचं राहू द्या. मला तर म्हायेरीच धाडतायत."

त्याने तिच्याकडे पाहिले आणि हात पुढे केला.

या खेपेस बाटल्या मी स्वतः नेल्या, डब्यात घालून, ओल्या फडक्यात गुंडाळून. तांडेलाने खाली सावलीत बसू दिले. "पण देवाकडं पाठ करून बसा, सायेब. डबा त्याला दिसाया नको."

उत्तर रजा संपण्याच्या आदल्या दिवशी आले. दोघांच्याही रक्तात गरमी होती. डॉक्टरांनी नवराबायकोला आत बोलावून सांगितले. "म्हातारीला मी सांगणार नाही," ते त्याला म्हणाले. "ते तुझं काम."

म्हातारी ओटीवर बसली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आये, खोट माझ्यात हाय. तिला माझ्यापासनं लागली."

"गप. पुरुषाला कसली खोट?"

"माझ्यात हाय म्हणतो ना. दुसरी आणलीस तर तिचंही हेच व्हईल. सुया घेतल्या तर बरं व्हतं, डाक्टर म्हणतात."

म्हातारीने पदराचे टोक पिळले. मग तिने दारातून डॉक्टरांना विचारले, "सुया किती?"

"वर्षभर तरी. दोघांनाही."

तो जहाजावर गेला. मुंबईत सुया घेण्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी मीच लिहून दिली. होळी झाली, दुसरे लग्न लागले नाही. दर गुरुवारी म्हातारी सुनेला घेऊन येई आणि बायकांच्या बाकावर तिच्याशेजारी बसे. एकदा कुणा बाईने सुनेकडे बोट दाखवून विचारले, "हिला काय झालंय गं?"

"रगत बिघडलंय," म्हातारी म्हणाली. "आमच्या घरात येऊन बिघडलं. येताना चांगलं व्हतं."