देवघराशेजारचा प्लग

रोलचा कॅमेरा होता तोवर लग्नाच्या फोटोग्राफरला कुणाच्या घराचा उंबरा ओलांडायची गरज पडत नसे. त्या कॅमेऱ्याला वीज लागायचीच नाही म्हटलं तरी चालेल. वीज खायचा तो फ्लॅश, आणि त्याची भूक चार पेन्सिल सेलवर भागायची. सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळत. शिरूरहून निघताना मी खिसे भरून घ्यायचो आणि दिवसभर मांडवात राजासारखा फिरायचो. जेवण मांडवात, पाणी मांडवात, काम मांडवात. मांडवाला जात नसते असं मला तेव्हा वाटायचं. आता त्याचं हसू येतं.

दोन हजार सालानंतर डिजिटल आला. गिऱ्हाईक रोलकडं बघेना, म्हणून जुना कॅमेरा विकून, त्यात भर घालून मी नवा घेतला. गडी दिसायला देखणा, पण खादाड. दोन बॅटऱ्या घेऊन गेलं तरी दुपारपर्यंत दोन्ही रिकाम्या. फ्लॅश अजून सेलवरच चालायचा, पण नुसत्या फ्लॅशला घेऊन काय करणार? त्यात ते भारनियमनाचे दिवस. मंडपवाल्याच्या जनरेटरचा दाब असा वरखाली व्हायचा, की शिक्रापूरच्या एका लग्नात माझा चार्जर धूर सोडून कायमचा गेला होता. मग उरला घरातला प्लग. कॅमेरा नवा झाला आणि मला लोकांच्या दारात उभं राहणं आलं.

आमच्या बौद्ध वस्त्यांमधल्या लग्नांत हा प्रश्नच नव्हता. तिथं वंदना संपायच्या आत कुणीतरी मावशी येऊन चार्जर मागून न्यायची, टीव्हीचा प्लग काढून तो लावायची आणि वर मलाच दटावायची, की आधी का नाही सांगितलं. बाकी ठिकाणी चार्जर पुढं केला की आधी गाव विचारलं जाई, मग आडनाव.

ते लग्न दौंडच्या अलीकडं, भीमेच्या काठच्या एका बागायती गावात होतं. घर मोठं, सोसायटी आणि कारखान्याच्या राजकारणात ऊठबस असलेलं. नवरीचे वडील हयात नव्हते, त्यामुळं सगळा कारभार चुलत्याच्या हातात. आई होती, पण कॅन्सरनं खाटेला खिळलेली. मधल्या खोलीत, देवघराच्या शेजारी तिची खाट टाकली होती. मांडवात आणून बसवण्यासारखी ती राहिली नव्हती.

हळदीचे फोटो काढत होतो तेव्हा नवरीनं मला जवळ बोलावलं.

"दादा, माझा नि आईचा एक फोटो काढायचा. आत्ता न्हाई. अक्षता पडल्यावर, मंगळसूत्र घातल्यावर. तिला तसाच पायजे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "डॉक्टरांनी हात टेकलेत. परत निघंल न निघंल."

मी काढतो म्हणालो. त्या दिवशी खरा काढायचा असा तेवढा एकच फोटो होता, बाकीचं नुसतं बटण दाबणं होतं.

आणि ते दाबणं काही संपेना. आमच्याकडं मंगलाष्टकांच्या आधी माइकवरून सत्कार चालतात. आजी चेअरमन, माजी चेअरमन, उभे राहून पडलेले आणि पुढच्या वेळी उभे राहणार असलेले, सगळ्यांना फेटा, शाल, नारळ. मुहूर्त टळला तरी चालेल, पण एकाचा फेटा राहिला तर पाच वर्षं ऐकून घ्यावं लागतं. चुलते प्रत्येकाच्या शेजारी जाऊन उभे राहायचे आणि माझ्याकडं बघायचे. मी एखाद्या वेळी कानाडोळा केला की लगेच म्हणायचे, "फोटोवाले, लक्ष कुठं हाय?" पहिली बॅटरी त्यांच्या फेट्यांनी संपवली. दुसरी घातली, आणि रिकामी आणि चार्जर घेऊन मी ओसरीवर गेलो.

लाईट नव्हतीच. पण आजारी बाईच्या पंख्यासाठी इन्व्हर्टर बसवलेला होता आणि देवघराशेजारचा एक प्लग त्यावर चालू होता, हे मला नवरीनंच सांगितलं होतं. मी दाराशी पोचतो तोच चुलते मागून आले. गाव विचारलं. आडनाव विचारलं. मी सांगितलं. चेहरा फारसा बदलला नाही, सरावलेला माणूस.

"आमी तसलं काय मानत न्हाई बरं का," ते म्हणाले. "पर देवघर हाय, आत बाया हायती. द्या हिकडं, मी लावतो. तुमी मांडवात व्हा."

मी दिला. रागानं कान तापले होते, पण फोटो निघणं महत्त्वाचं होतं. बॅटरी भरतेय या भरवशावर दुसरीही मी त्यांच्या उरलेल्या पाहुण्यांवर आणि मंगलाष्टकांवर खर्च केली.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या. चार्जर मागायला गेलो, तर चुलत्यांनी गोठ्याकडं बोट दाखवलं. कडबाकुट्टीच्या मशीनच्या बोर्डाला तो लटकत होता. लाल दिवा लागलेला नव्हता, कारण तिथं सकाळपासून वीजच नव्हती. मांडवातल्या ट्यूब जनरेटरवर जळताना बघून त्यांना वाटलं असेल, लाईट आहे. माझी वस्तू आत न्यायची नाही एवढंच त्यांच्या डोक्यात होतं, पुढचं त्यांनी बघितलंच नाही. त्यांनी मुद्दाम केलं असतं तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या.

दोन्ही बॅटऱ्या आलटून पालटून घातल्या, शर्टावर घासल्या, अंगाशी धरून गरम केल्या. कॅमेरा चालू व्हायचा आणि लगेच बंद पडायचा. तेवढ्यात नवरीनं हाक मारली, "दादा, आत या." नवरीनंच बोलावल्यावर कोण अडवणार? मी त्या घरात शिरलो. पंखा फिरत होता, आणि तो प्लग माझ्यापासून हातभर अंतरावर होता. बाहेर वऱ्हाडाच्या गाड्या हॉर्न देत होत्या.

मधल्या खोलीच्या दारातच मी तिला सगळं सांगितलं. गोठा, चार्जर, सगळं. आम्ही हळू बोललो, पण खाट दारापासून लांब नव्हती.

तिनं आत खाटेकडं बघितलं. मग म्हणाली, "फ्लॅश पडतो का?"

"पडतो. त्याचे सेल वेगळे."

"मग नुसता फ्लॅश मारा. ती सकाळपास्नं वाट बघतीय."

ती आईच्या उशाशी बसली, गालाला गाल लावला. आईनं डोक्यावरचा पदर नीट केला. मी मेलेला कॅमेरा डोळ्याला लावला आणि फ्लॅशच्या पाठीवरचं बटण दाबलं. खोली उजळून निघाली.

"ह्यात लगीच दिसतंय म्हणं," आई म्हणाली. "दावा की."

पोरीनंच कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि आईपुढं धरला. पडद्यावर नुसता काळोख होता. आजारानं त्या बाईचं सगळं नेलं होतं, पण डोळे शाबूत होते. तिनं त्या काळ्या काचेकडं नीट बघितलं.

"झ्याक आलाय," ती म्हणाली. "जा आता. खोळंबल्यात ती."

अंगणात येऊन ती पोर अशी रडली, की सासरकडच्या बायकासुद्धा डोळे पुसू लागल्या. सगळ्यांना वाटलं, सासरी निघालेली पोर रडतेय.

पावसाळा सरता सरता चुलते माझ्या स्टुडिओत आले. नवरीची आई गेली होती, दशक्रियेला लावायला फोटो हवा होता. अल्बम बरोबर आणला होता. "वैनीचा फोटो ह्यात कसा न्हाई?" ते म्हणाले. "फ्लॅश पडल्याला मी सोता बघितला."

मी काही हातचं राखलं नाही. फोटो निघालाच नाही, चार्जर गोठ्यात होता, तिथं वीज नव्हती, आणि वहिनींनी हे सगळं ऐकलं होतं, असं तोंडावर सांगितलं. मला ते सांगायचंच होतं, कितीतरी दिवस.

ते खुर्चीत बसले. अल्बम मिटवून म्हणाले,

"आसं कसं? वैनी यील त्याला सांगायची, लेकीसंगं झ्याक फोटो निघालाय म्हणून. मला तर हात धरून म्हणाली, भावजी, तुमी चार्जर लावून दिला म्हणून निघाला."