शेवटची बादली

कुठल्या घरात कोण कुणाची किती काळजी घेतं, हे नुसता गिझर उघडून सांगणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच. आमचे गिझरवाले चाचा. पण त्यांच्याआधीचं सांगते. आमच्याकडे गरम पाणी म्हणजे तीन विटांची चूल आणि एक काळं पडलेलं पातेलं. अण्णांना साखर कारखान्यात पहिली पाळी, म्हणून पहिली बादली त्यांची. दुसरी माझी, कारण मला कॉलेज. आईचा नंबर येईतोवर चूल विझलेली असायची. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. नोकरी लागली तसा कसबा बावड्यातल्या घरात मी गिझर बसवला. पदवीदानाचा फोटो आणि गिझर एकाच आठवड्यात भिंतीवर चढले आणि खरं सांगते, येणाऱ्याजाणाऱ्याला मी आधी गिझर दाखवायची.

तो बसवायला आले ते चाचा. शिवाजी पेठेत त्यांचं एवढंसं दुकान होतं. गिझरला ते यंत्र मानायचेच नाहीत, पेशंट मानायचे. आल्या आल्या स्टीलचा पेला मागायचे. आम्हाला वाटायचं, तहान लागली असेल. तर तो पेला टाकीला टेकवून, त्याला कान लावून, डोळे मिटून उभे राहायचे. मग नळाचा थेंब जिभेवर घेऊन निकाल द्यायचे, "बोअरचं. मचूळ." आणि पेचकस हातात घेण्याआधी घरातल्या प्रत्येकाची जबानी: आधी आंघोळ कुणाची, मग कुणाची, आत गाणं म्हणता का? गाणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. "एका गाण्याला दोन बादल्या जात्यात." शेजारच्या काकूंचा गिझर तिसऱ्यांदा तपासून त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "गिझर ठणठणीत हाय. जावई तेवढा बदला." जावई तेव्हा आतच होता, शॉवरखाली. पाणी तापल्याशिवाय चाचा चहाही घ्यायचे नाहीत. "पेशंट उठल्याबिगर डॉक्टर च्या पितोय व्हय?"

गेल्या हिवाळ्यात आमचा गिझर बंद पडला. मी मोबाईलवर व्हिडिओ बघून बटणं खालीवर केली. लाल दिवा लागत होता, पाणी ढिम्म. शेवटी चाचांना बोलावलं.

"काय ग्रॅज्युएट, झालं का ऑपरेशन?" म्हणत त्यांनी टाकी उघडली. आतली कॉईल बाहेर आली ती क्षार चढून मक्याच्या कणसाएवढी जाड झालेली. चाचांनी ती उजेडात धरून फिरवून बघितली.

"कधीपास्नं बंद हाय?"

"काल सकाळपासून," मी म्हणाले.

"काल मेली. दमलीय वरीसभर. दोन बादल्या तापवून खाली बसत असणार. तिसरी बादली कुणाची?"

मी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी माझ्याकडे. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "मला चालतंय की गार. सवयच हाय."

चाचा हळू आवाजात म्हणाले, "बाळ, काल बंद पडला तो तुझा गिझर. वहिनींचा वरीस झालं बंद हाय."

अण्णा उगाच चपला सरळ करत बसले.

नवी कॉईल बसली, पाणी तापलं. चाचांनी फर्मान काढलं, "पहिली बादली वहिनींची. त्याशिवाय च्या न्हाय."

"भर दुपारी? लोक काय म्हणतील?" आई लाजली.

"लोकांचे गिझर मी बघतो. तुम्ही जावा."

आई आत गेली. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत होता. मग आतून बारीक गुणगुण ऐकू आली. आई गाते, हे मला त्या दिवशी कळलं. मी घाबरून चाचांकडे बघितलं. ते उंबऱ्यावर पेचकस पुसत बसले होते.

"म्हणू दे," ते म्हणाले. "जाऊ द्यात दोन बादल्या."

आता चाचांचे गुडघे शिडीवर चढू देत नाहीत. दुकान बंद करून ते पेठ वडगावला लेकीकडे राहायला गेलेत. नवा मेकॅनिक येतो, पाच मिनिटांत काम उरकतो, कुणाला काही विचारत नाही. चाचांचा अधूनमधून फोन येतो. खुशाली राहते बाजूला, पहिला प्रश्न एकच, "गाणं चालू हाय न्हवं?"

चालू आहे. आमच्या घरात आता पहिली आंघोळ आई करते.