मुदीरसाठी कोकम सोडा

आमच्या रियाधच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराचं छत गुलाबी आहे आणि तो रंग आम्ही दिलेला नाही.

मी रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. अल सुलैच्या गोदामांच्या गर्दीत आमच्या कंपनीचं वर्कशॉप आहे. हॉटेलांतली सोड्याची मशिनं दुरुस्त करायची, टाक्यांत गॅस भरायचा, हे आमचं काम आणि मी तिथला सुपरवायझर. सौदीकरणाचे दिवस होते. आज या खुर्चीवर सौदी माणूस, उद्या त्या. आमच्याकडे फहद नावाचा तरुण मुदीर म्हणजे मॅनेजर म्हणून आला. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा, बोलणं मोजकं, आणि टाक्यांचं काम (हे महत्त्वाचं) आल्यावर माझ्याच हाताखाली शिकलेला. आता माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, वाढवायचा की मला विमानात बसवायचं, हे त्याने ठरवायचं होतं. माझी झोया दहावीला. मध्येच गाशा गुंडाळावा लागला तर पोरीचं वर्ष जाणार, हेच मी रोज घरी घोकत होतो.

"जेवायला बोलवा त्याला," शमीम, माझी बायको, म्हणाली.

"अगं, याला लाच म्हणतात."

"मटण-वड्यांना कोण लाच म्हणतो?"

शुक्रवारी जुम्म्यानंतरचं जेवण ठरलं. मटण-वडे शमीमचे, मग माझी कामगिरी काय? मी जाहीर केलं, गावच्या अमृतकोकमाचा सोडा! बाटलीतला नव्हे, वर्कशॉपच्या पद्धतीने टाकीत गॅस भरून केलेला. मुदीरलाही कळू दे, आपला माणूस काय चीज आहे.

गुरुवारीच मोठी स्टीलची टाकी भरून, थंड करून, गॅस सोडून ठेवली. शुक्रवारी त्यातला सोडा लहान टाकीत घ्यायचा होता, कारण मोठी टाकी जेवणाच्या दस्तरखानावर ठेवली असती तर पाहुण्याला बसायला जागा उरली नसती. हे काम येरागबाळ्याचं नाही. दोन्ही टाक्यांत आधी सारखा दाब हवा, मग लहान टाकीतला गॅस अगदी हळूहळू सोडत जायचं. घाई केली की नुसता फेस. मी श्वास रोखून तो सगळा सोडा या टाकीतून त्या टाकीत नेला आणि फेसाचा थेंब उडू दिला नाही.

"झोया, बघून ठेव. याला अनुभव म्हणतात."

"अब्बा, आय हॅव मॅथ्स," झोया म्हणाली आणि निघून गेली.

एवढ्यात फहदचा फोन आला, तो खाली गाडी लावत होता. शमीमने घोटभर सोडा चाखला आणि भुवया चढवल्या.

"मीठ-जिरं घातलंत का?"

राहिलं होतं! कोकमात मीठ नाही, जिरं नाही! आमच्याकडे असं कोकम आजाऱ्यालासुद्धा देत नाहीत.

"गिलासात घालू की," ती म्हणाली.

"पाहुण्यासमोर मीठ ढवळत बसायचं? हॉटेल आहे का हे?"

(इथे मी बायकोचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.)

मी टाकीतला दाब सोडला, झाकण उघडलं आणि वाटीभर मीठ-जिरं एकदम आत उपडं केलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग टाकीच्या पोटातून गुरगुर आली आणि कोकम जे उसळलं ते थेट छताला! मी झाकण दाबून बसवायला गेलो, तर ते बाजूंनी चारी दिशांना फवारू लागलं. शमीम मटणावर ताट धरून उभी राहिली. त्याच वेळी बेल वाजली. झोयाने सभ्यपणे दार उघडलं आणि आमच्या दाराच्या अगदी समोर स्वयंपाकघर असल्यामुळे फहदच्या शुभ्र, पायघोळ थोबचं स्वागत कोकमाने केलं.

तो दारात उभा, हातात खजुराचा डबा. समोर स्टीलच्या टाक्या, नळ्या, गॅसचा सिलिंडर आणि आंबूस वासाचा लालभडक फेस. या देशात घरात असलं दृश्य दिसलं तर दारूची भट्टी हाच अर्थ निघतो, हे कुणाला सांगायला नको. इकामा गेला खड्ड्यात, आता नुसतं घरी पाठवलं तरी नशीब, असं मला वाटलं.

"एश हाजा?" हे काय आहे, त्याने विचारलं.

"ज्यूस. वल्लाही, ज्यूस," मी शपथेवर सांगितलं.

फहदने बाहीवरचा थेंब बोटाने टिपून चाखला. आम्ही तिघंही त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"मीठ?"

"हो."

"टाकीत गॅस होता?"

"होता."

"आणि तू मीठ टाकलंस. गॅसच्या टाकीत वरून काही टाकायचं नाही, हे मला कुणी शिकवलं?"

"मीच. आणि बरोबर शिकवलं होतं."

फहद भिंतीला टेकला आणि इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग बाह्या सरसावून त्याने माझ्याबरोबर फरशी पुसली. शमीमने त्याचा थोब पाण्यात टाकला आणि आमचे मुदीर माझी चौकड्याची लुंगी नेसून मटण-वड्यांवर ताव मारायला बसले. तिसऱ्या वड्यानंतर तो म्हणाला, "वर्कशॉपमधले सगळे मला घाबरतात. घरी कुणीच बोलावलं नव्हतं." महिनाभर मी त्याच्या सहीला घाबरत होतो. हा माणूस एकटा जेवतोय, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्याने सही तर केलीच, वर माझ्यासाठी तो मोठ्या ऑफिसात स्वतः जाऊन भांडला. इकामा वाढला, झोयाची दहावी इथेच झाली आणि पुढे बारावीही. हे उपकार आमच्या घरात कुणी विसरणार नाही. एक अट मात्र त्याने घातली: नवीन सौदी मुलांची तुकडी आली की सुरक्षेच्या पहिल्या तासाला मी समोर उभं राहायचं आणि हे सगळं सांगायचं. दर वेळी कुणीतरी विचारतोच, "उस्ताद, तुला माहीत होतं, तरी का टाकलंस?"

"पाहुण्याला अळणी कसं द्यायचं?" मी म्हणतो.

अरबच ते, पाहुणचाराला जागणारे; सगळे गंभीरपणे माना डोलावतात. फहद मात्र पुढची स्लाइड लावतो. तिच्यावर मथळा असतो 'असे करू नये' आणि खाली त्याने त्या दिवशी हळूच टिपलेला माझा फोटो, दाढीभर जिरं!