मर्विनचा अंगठा आणि पिवळं विमान

मर्विन स्टकीचं विमान मक्यात पडलं, तेव्हा मैदानावरचे सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. रिमोटवरची विमानं उडवणाऱ्या आमच्या क्लबात ही रीतच आहे. ज्याचं विमान पडतं, तो स्वतः तोंड उघडेपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. काही जण दहा-दहा मिनिटं घेतात. आमच्या डॉक्टरसाहेबांनी एकदा अख्खा शनिवार घेतला होता.

मर्विनला दीड मिनिट पुरलं.

"दोष वाऱ्यावर ढकलता येईल का?" त्याने विचारलं.

"वारा नाहीये," वेंडेल म्हणाला.

"मग राहू दे. चला, लांब बाह्यांचे शर्ट घाला, मक्याची पानं कापतात."

मर्विनचं वय बाहत्तर. क्लबात वय कुणी मोजत नाही, डॉक्टरसाहेब सोडले तर सगळे सगळ्यांना नावानेच हाका मारतात. अडतीस वर्षं त्याने दुधाचा टँकर चालवला, आणि अजून तो कुठलीही बातमी त्याच सुरात देतो. घराला आग लागली तरी "आता डावीकडच्या गोठ्यावर थांबू" असं सांगितल्यासारखं सांगेल. वेंडेल हा त्याच्या बायकोचा, लोइसचा भाऊ. त्याचा सूर बरोबर उलटा. मीठ मागतानाही कुणी तरी गेल्याची बातमी आणल्यासारखा चेहरा.

पडलेलं विमान पिवळं होतं, शेतांवर फवारणी करणारं असतं तसलं. मर्विन लहान असताना त्याच्या वडिलांच्या शेतावर ते यायचं, त्याची ही एक तृतीयांश मापाची नक्कल. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत बारा फूट. तीन हिवाळे तळघरात बसून त्याने ते बांधलं, दोन उन्हाळे उडवलं. यंदा पंखांतल्या जुन्या मोटरी बदलल्या आणि जुलैच्या पहिल्या शनिवारी पहिल्यांदा बाहेर काढलं. इतका उशीर झाला तो अंगठ्यामुळे. गेल्या वर्षापासून त्याचा उजवा अंगठा थरथरतो. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मर्विन म्हणाला, बाकीच्या नऊ बोटांचंही तेवढंच झालंय.

उड्डाण आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. विमान जमिनीवरून सुटलं, डावा पंख जरा खाली गेला. मर्विनने हातातल्या ट्रान्समीटरची दांडी अंगठ्याने उजवीकडे दिली. विमान आणखी डावीकडे कललं. त्याने आणखी दिली, ते आणखी कललं, आणि रस्ता ओलांडून आर्डिथ रपच्या मक्यात उलटं शिरलं. अंगठा भलतीकडे गेला, असंच सगळ्यांना वाटलं. बोललं कुणी नाही.

आर्डिथ आम्हाला शेतात शिरू देते, पण एका अटीवर. ओळीच्या मधून चालायचं, ओळ ओलांडायची नाही. "एक ताट मोडलं तरी मला कळतं," ती म्हणते, आणि तिला खरंच कळतं. म्हणून आम्ही नऊ जण नऊ ओळींत शिरलो. मका डोक्याच्या वर गेलेला, शेजारच्याचं फक्त नाक वाजलेलं ऐकू येतं. ज्याला जे सापडेल ते त्याने ओरडून सांगायचं.

"शेपूट. जवळजवळ सगळं."

"चाक."

"उजवा पंख, अर्धा. उरलेला अर्धाही इथेच आहे, फक्त सुटा."

"पायलट सापडला," वेंडेलचा सुतकी आवाज आला. खिडकीत बसवलेला रबरी बाहुला होता तो. "डोकं नाही."

"असतानाही फारसं वापरत नव्हता," दोन ओळी पलीकडून मर्विन म्हणाला.

मैदानावर परत आलो तर ग्लेंडा शॉर्ट वाटच बघत होती. ती आमची सुरक्षा अधिकारी. एरवी काउंटीच्या कचेरीत गाड्यांची लायसन्स देते, आणि शनिवारीही खिडकीच्या पलीकडे बसल्यासारखीच बोलते.

"मर्विन. पुढच्या वेळी जोड ट्रान्समीटर."

जोड ट्रान्समीटर म्हणजे शिकाऊ लोकांसाठी असतो तो. एक शिकणाऱ्याच्या हातात, दुसरा शिकवणाऱ्याच्या. शिकणारा चुकला की शिकवणाऱ्याने बटण दाबून विमान आपल्या ताब्यात घ्यायचं. अर्ध्या क्लबाला मर्विननेच असं शिकवलंय. ग्लेंडालाही.

"मी शिकाऊ?" मर्विनने विचारलं.

"तू नाहीस. अंगठ्याचं मला माहीत नाही."

मर्विनने अंगठा वर करून पाहिला. तो थरथरत होता.

"मलाही माहीत नाही," तो म्हणाला. "चूक अंगठ्याची असेल तर ट्रान्समीटर विकून टाकतो आणि तुमच्यासाठी कॉफी करत बसतो. विमानाची असेल तर विमान दुरुस्त करतो. पण आधी मला कळलं पाहिजे."

"तुझी कॉफी नको," वेंडेल म्हणाला. "विमानाचीच निघू दे."

बुधवारी दुपारी आम्ही पाच-सहा जण मर्विनच्या तळघरात जमलो. टेबल टेनिसच्या टेबलावर त्याने सगळे तुकडे जिथल्या तिथे मांडले होते, वरून विमानाचा आकार दिसावा तसे. पंख चार तुकड्यांत, पण मोटरी शाबूत, तारा शाबूत. मर्विन शेपटीच्या बाजूला उभा राहिला आणि त्याने बॅटरी जोडली.

पंखाच्या मागच्या कडेला एक हलती पट्टी असते, ती पंखातली मोटर हलवते. विमान उजवीकडे वळवायचं असेल तर उजव्या पंखाची पट्टी वर उठते, डाव्याची खाली जाते. मर्विनने दांडी उजवीकडे दिली.

डावी पट्टी वर उठली.

त्याने दांडी सोडली, पुन्हा दिली. पुन्हा डावीच.

"उलटं," वेंडेल म्हणाला. या वेळी त्याचा चेहरा प्रसंगाला शोभला.

नव्या मोटरी जुन्यांच्या उलट दिशेने फिरत होत्या, आणि ट्रान्समीटरमध्ये तो बदल करायचा राहून गेला होता. म्हणूनच मर्विन उजवीकडे देत गेला तसतसं विमान डावीकडे जात राहिलं. अंगठा बिचारा शेवटपर्यंत बरोबर होता.

"पण तू तर उडवण्याआधी तपासलं होतंस," वेंडेल म्हणाला. "मी बघितलं ना. दोन्हीकडे हलवून बघितलंस."

टेबलाला वळसा घालून मर्विन विमानाच्या नाकापाशी जाऊन उभा राहिला, आमच्याकडे तोंड करून, आणि पुन्हा उजवीकडे दांडी दिली. त्याच्या उजव्या हाताला असलेली पट्टी वर उठली.

"इकडे येऊन बघा," तो म्हणाला. "इथून बरोबर दिसतं."

आम्ही एकेक करून त्याच्या बाजूला जाऊन पाहिलं. खरंच बरोबर दिसत होतं. समोरून पाहिलं की विमानाचा डावा पंख आपल्या उजव्या हाताला येतो. शहाण्या माणसाने शेपटीमागूनच तपासायचं, आणि क्लबात आल्यापासून बारा वर्षं मर्विन तिथूनच तपासत होता. त्या शनिवारी तेवढा तो समोर उभा होता.

"समोर कशाला गेला होतास?" कुणीतरी विचारलं.

लोइस जिन्यावर उभी होती. "वेंडेलला फोटो काढायचा होता ना," ती म्हणाली. "त्याने विमान फिरवून ठेवलं. ऊन पाठीवर हवं म्हणाला."

वेंडेलने टोपी काढली आणि तिच्या आत बघू लागला.

"टोपी घाल," मर्विन म्हणाला. "दांडी माझ्या हातात होती आणि डोळेही माझेच होते."

"म्हणजे अंगठा बरा आहे," लोइस म्हणाली.

"अंगठ्याने काही केलं नाही."

"मग तूच झोप त्या टेबलावर. डोकं दुरुस्त करून घे."

आता ग्लेंडा जोड ट्रान्समीटरचा हट्ट सोडेल, असं आम्हाला वाटलं होतं. पण तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे जास्त वाईट आहे. अंगठा थरथरतो हे माणसाला माहीत असतं. चुकीच्या बाजूला उभा आहे, हे माहीत नसतं. जोड ट्रान्समीटर राहील. एकदा माझ्यासमोर नीट उडवून उतरवून दाखव, मग काढू."

"आणि तू बटण दाबलंस तर?"

"तर कायमचा."

मर्विनने थोडा विचार केला. "बरोबर आहे. तुझ्या जागी मीही हेच म्हटलं असतं. फक्त जरा गोड बोललो असतो."

"नसतास बोललास," ग्लेंडा म्हणाली.

दुरुस्तीला दहा आठवडे लागले. पंखाचा मुख्य दांडा तीन ठिकाणी मोडला होता. मर्विनने मोडकी टोकं लांब तिरकी कापली, तिरक्यावर तिरकं बसवून एपॉक्सीचा गोंद भरला आणि दोन दिवस हात लावला नाही. आडव्या फासळ्या नव्या कापल्या, एकोणीस. त्यावर कापड इस्त्रीने चिकटवतात आणि उष्णतेने ताणून घेतात. लोइसची इस्त्री जरा जास्तच तापली. कापड आवळलं, आणि सकाळी बघतो तर नवाकोरा पंख पापडासारखा वाकडा.

"माझी इस्त्री शर्टांसाठी आहे," लोइस म्हणाली, "आणि ते तू कधी घालत नाहीस."

त्याने सगळं कापड फाडलं आणि पुन्हा लावलं.

ऑगस्टच्या शेवटी विमान मैदानावर आणलं, उडवायला नाही, नुसतं जमिनीवर पळवून बघायला. पळता पळता एक चाक घुशीसारख्या ग्राउंडहॉगने उकरलेल्या बिळात गेलं आणि दोन्ही चाकं पोटाखालच्या फळीसकट उपटून निघाली. पुन्हा सगळे बुटांकडे बघू लागले.

"मर्विन," रीत मोडून वेंडेल हळूच म्हणाला, "यंदा पुरे. पुढच्या वर्षी बघू."

"टँकर पंक्चर झाला म्हणून गाईंनी कधी माझ्यासाठी दूध धरून ठेवलं नाही," मर्विन म्हणाला. "ती फळी उचल. स्क्रू तिच्यातच असतील."

नवी फळी त्याने दुप्पट जाड केली. आणखी एक गोष्ट केली. एका पाटीवर दोन पावलं रंगवली. विमान उडवण्याआधी ती पाटी शेपटीच्या मागे ठेवायची, पावलांवर उभं राहायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "उजवी, उजव्या हाताला, वर." आम्हाला हसू आलं. पण दोन शनिवारांत अर्धा क्लब ती पाटी मागून नेऊ लागला. डॉक्टरसाहेब तर घरी जाताना न्यायला निघाले होते.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी हंगामाचं शेवटचं उड्डाण असतं. सगळ्यांच्या घरून डबे येतात. लोइसने मॅकरोनी आणली होती. आर्डिथचा मका वाळून तपकिरी झालेला, अजून कापला नव्हता. मर्विन पावलांवर उभा राहिला, मोठ्याने म्हणाला, आणि आम्ही सगळ्यांनी बघितलं की उजवीच वर गेली. शेजारी ग्लेंडा दुसरा ट्रान्समीटर घेऊन उभी, बोट बटणावर.

विमान सुटलं. एक फेरी, दोन फेऱ्या. सरळ, स्थिर, रुळावरून जावं तसं. तिसऱ्या फेरीत ते रस्त्यापलीकडे, मक्याच्या पार टोकाला होतं, तेव्हा इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

नुसता वाऱ्याचा आवाज.

"ग्लेंडा, घे," वेंडेल म्हणाला.

ग्लेंडा विमानाकडे बघत राहिली.

"ग्लेंडा, ते मक्यात जाणार. घे."

"अजून माझ्याकडे आहे ना?" मर्विनने आकाशावरची नजर न काढता विचारलं.

"तुझ्याकडेच आहे."

त्याने विमानाचं नाक खाली घातलं. मागे कुणीतरी "अरे, अरे" म्हणालं, कारण आधीच उंची कमी आणि हा आणखी घालवतोय. पण इंजिन नसलं की उंची विकूनच वेग घ्यावा लागतो. विमान घसरत आलं, मक्याच्या शेंड्यांवरून, मग रस्त्याच्या तारांखालून नाही, वरून, अगदी हातभर. त्याचा अंगठा दांडीवर थरथरत होता, ते मला दिसत होतं. ग्लेंडालाही दिसत असणार. तिचं बोट बटणावरच होतं, नख पांढरं पडलेलं.

रस्त्याकडेच्या उंच तणाचे तुरे चाकांना लागले. विमान गवताच्या कडेला टेकलं, एकदा उसळलं, पुढे धावलं आणि नाकावर झुकलं. नाकावरचा पंखा मोडल्याचा आवाज आला. मग ते शेपटीवर परत बसलं आणि थांबलं.

बुटांकडे बघावं की नाही, कुणाला कळेना. हे पडणं की उतरणं, ते ठरत नव्हतं.

"उतरलं," ग्लेंडा म्हणाली. "मी बटण दाबलं नाही."

"कळलं मला," मर्विन म्हणाला.

"कसं?"

"तू दाबलं असतंस तर आत्ता आपण मक्याच्या ओळींत चालत असतो."

ग्लेंडा हसली नाही, पण खिडकी जराशी उघडल्यासारखा तिचा चेहरा झाला. "जोड काढते," ती म्हणाली. "कागदावर सोमवारी सही कर."

इंजिन का बंद पडलं, ते पाच मिनिटांत सापडलं. पेट्रोलच्या नळीला केसाएवढी चीर गेली होती. मर्विनने नवी नळी कापून बसवली, मोडका पंखा काढून दुसरा लावला, वेंडेलला बोल्ट आवळायला सांगितलं आणि त्याने आवळल्यावर स्वतः पुन्हा आवळला.

"विश्वास नाही?" वेंडेल म्हणाला.

"तुझ्यावर आहे. फोटोग्राफरवर नाही."

ग्लेंडाने विमान पुन्हा मर्विनच्या एकट्याच्या ट्रान्समीटरला जोडून दिलं, आपला ट्रान्समीटर गाडीत ठेवला, गाडीला कुलूप लावलं आणि मॅकरोनीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मर्विन पाटी काखेत मारून एकटाच धावपट्टीकडे निघाला. लोइसने त्याच्यासाठी ताट झाकून ठेवलं.

"गार होईल," तिने मागून हाक मारली.

"चार फेऱ्या," तो म्हणाला. "मघाशी तिसरी अर्धवट राहिली."