गार पडलेलं बोट

"कापू नका बाई. ह्याच हातानं खडी फोडायचीय," कौसामावशी म्हणाली.

दुष्काळाच्या त्या साली मी खर्ड्याच्या सरकारी दवाखान्यात एकटीच डॉक्टर होते. मावशी पन्नाशीची, विधवा, दुष्काळी कामावर जाणारी. उजव्या हाताच्या बोटात बाभळीचा काटा मोडलेला. बोट लाल, गरम, टम्म सुजलेलं. चीर देऊन पू आणि काटा काढला, पेनिसिलिन सुरू केलं.

रोज ड्रेसिंग करताना मी तिला समजावून सांगायचे. ऐकायला दुसरं होतं कोण? कंपाउंडर काम उरकलं की घरी पळायचा. काटा शिरला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. त्यांच्यातून पाणी झिरपतं, ती सूज. मागोमाग पांढऱ्या पेशी येतात, जंतू खातात आणि मरतात, तो पू. काम झालं की नवी कुमक थांबते. दुसऱ्या पेशी मेलेल्यांना गोळा करतात, पाणी परत फिरतं. मावशी मन लावून "व्हय" म्हणायची.

बोट उतरलं. आणि एका सकाळी पुन्हा लालभडक, वर फोड. पू नाही, ताप नाही. आता खरंच कापावं लागतंय की काय! मग कडेला काळा डाग दिसला.

"बिब्बा लावलात?"

"बोट गार पडलं व्हतं, बाई. मालकाचा पाय आसाच आधी गार पडला, मंग काळा झाला. नगरला निऊन कापला. म्हनून ऊब आनली."

बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते. शरीराची पुन्हा पहिल्यापासून धावपळ. रागवायच्या ऐवजी समजावलं. त्या पायाला रक्तच पोचत नव्हतं, हे बोट नुसतं निवलं होतं. तिला ते पटेना. शेवटी तिचं नख दाबून दाखवलं. पांढरं झालं, सोडल्यावर गुलाबी.

"रक्त खेळतंय. आता माझं बघा. माझंही गारच आहे."

तिनं माझा हात धरला, नख दाबलं, सोडलं. पण हात सोडला नाही. कित्येक महिन्यांत मला कोणी हात लावला नव्हता. नाडी बघायची ती मीच, दुसऱ्यांची.

"लई गार हाय," ती म्हणाली. "घरचं कोनी न्हाई का हितं?"

"नाही," मी म्हणाले. मला रडू येत होतं.

बिब्बा बंद झाला. फोड वाळले, खपली पडली, बोट वाचलं. मावशी हातोडी घेऊन कामावर गेली ती पुन्हा आली नाही.

कॉलेजात शिकवलं होतं, सूज आपोआप विरते. आता म्हणतात, शरीर ती मुद्दाम विझवतं. असेल. बरा झालेला पेशंट परत येत नाही आणि डॉक्टरनं तेच मागायचं असतं. तिच्या ड्रेसिंगच्या वेळेला मी मात्र बरेच दिवस ट्रे मांडून बसत होते.