बारदानाचं छत

त्या वर्षी माझ्या डोक्यात घर आधुनिक करण्याचं खूळ शिरलं. वर्ध्याला माझ्या हापिसात एक मासिक यायचं. साहेबांचं वाचून झालं की ते कारकुनांच्या टेबलांवरून फिरत फिरत माझ्यापर्यंत पोहोचे, तोवर त्याचं मुखपृष्ठ गेलेलं असे. त्यात थोडक्या खर्चात घर कसं सजवावं यावर एक लेख आला होता. लिहिणाऱ्या बाईंच्या घराला खिडक्या फार असाव्यात, कारण पडद्यांवरच दीड पान खर्ची पडलं होतं. सिंदीतल्या माझ्या घराला एकच खिडकी होती आणि तिच्यातून शेजाऱ्याचा गोठा दिसे. तरी मी बायकोच्या जुन्या लुगड्याचा पडदा शिवून लावला.

"गाईपासून काय लपवून राह्यले तुमी?" बायकोनं विचारलं.

मग घासलेटच्या खोक्याचं पुस्तकांचं कपाट केलं. पुस्तकं निघाली चार. उरलेल्या जागेत बायकोनं लोणच्याच्या बरण्या ठेवल्या, आणि वर्षभर आम्ही घासलेटच्या वासाचं लोणचं खाल्लं. मला हसू येत नव्हतं. मी कुठलंही काम हाती घेतलं की लोकांना त्यात गंमत का दिसते, हे मला आजही कळलेलं नाही.

छताचं काम मात्र हौसेचं नव्हतं. ते भीतीनं केलं.

मधल्या, बिनखिडकीच्या खोलीत माझे वडील खाटेवर असायचे. रोहण्याला, आमच्या मूळ गावी, शेतात उभे असताना त्यांना लकवा मारला आणि उजवं अंग गेलं. शेती मोठ्या भावाकडे होती. दवाखाना जवळ म्हणून मी बाबांना सिंदीला आणलं. बोलणं हळूहळू परत आलं, उठणं आलं नाही. दोन वर्षं ते त्या खाटेवर उताणे पडून होते. वर कवेलूंचं, म्हणजे मातीच्या कौलांचं छप्पर. कवेलूंतून माती पडे, पाखरांच्या काड्या पडत, आणि एका दुपारी त्यांच्या उशीच्या उजव्या अंगाला, वीतभर अंतरावर विंचू पडला. बायको धावली म्हणून बरं. बाबांनी तो पडताना पाहिला होता आणि त्यांना मान वळवण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. संध्याकाळी हे ऐकलं आणि ती रात्र मी त्यांच्या खाटेपाशी दिवा लावून बसून काढली.

त्याच लेखात छताची कृती होती. बाईंनी कापड लिहिलं होतं, मी बारदान घेतलं. सिंदीत कापसाच्या गाठी बांधल्या जात, त्यामुळे फाटक्या बारदानाला तोटा नव्हता. पोती उसवली, दाभण-सुतळीनं एकमेकांना जोडली, बांबूच्या कामट्यांवर ताणून बसवली. वरून चिंचोक्यांची खळ, आणि खळ वाळल्यावर निळीचा हात दिलेला चुना. तीन रविवार गेले. मान मोडून आली, डोळ्यात चुना गेला, आणि शिवण थोडी तिरपी झाली ती झालीच. पण शेवटी मधल्या खोलीवर पांढरंशुभ्र छत उभं राहिलं. लोक पाहायला आले. मी त्यांना विंचवाची गोष्ट सांगे, मग बारदान बोटानं ठोकून दाखवी.

"बाबा, आता कसं वाटते?" मी विचारलं.

"चांगलं केलं," ते म्हणाले. "लय मेहनत केली तू."

यानंतर आमच्या घराला काय झालं ते मला कितीतरी दिवस कळलं नाही.

आमच्याकडे घड्याळ नव्हतं आणि त्याची कधी गरजही पडली नव्हती. बाबा होते. सकाळी ते खाटेवरून सांगत, आता निघ, आणि मी निघालो की वर्ध्याची पॅसेंजर मला हमखास मिळे. दुपारी ते सुनेला सांगत, भात टाक, गाय सोडायची वेळ झाली, नळ येईल आता. सगळं बरोबर. ते आयुष्यभर शेतात राहिलेले, वेळ त्यांच्या अंगातच मुरलेली असणार, असं मी धरून चाललो होतो. हापिसात मी हे अभिमानानं सांगतही असे.

छत झालं आणि दुसऱ्याच सकाळी बाबा काही बोलले नाहीत. मी अंदाजानं निघालो, तर गाडी सुटलेली. पुढच्या दिवशी त्यांनी हाक मारली, मी धावत गेलो, तर स्टेशनवर झाडू मारणाऱ्याशिवाय कोणी नव्हतं. तासभर बाकावर बसलो. तिसऱ्या दिवशी साहेबांनी हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे तांबडी खूण केली. घरी बायकोचा भात कधी भल्या सकाळीच तयार तर कधी दुपार टळल्यावर. ती माझ्यावर वैतागे, मी तिच्यावर. भांडण नेमकं कशावरून चाललंय ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

मग बाबा विचारू लागले.

"सकाळ होय का सांज?"

"बाबा, आताच तर जेवले तुमी दुपारचे."

"हो का." आणि पुन्हा, "मंग दिवा काऊन नाई लावला?"

एकदा त्यांनी भर दुपारी सुनेला म्हटलं, झोप आता, लय काम केलं दिवसभर. एकदा दुपारचं ताट परत पाठवलं, झालं म्हणे जेवण. गाडीची शिटी ऐकली की विचारत, कोणती गाडी? पण आमच्या लाइनीवर मालगाड्याच जास्त, त्याही वेळीअवेळी. शिटी ऐकून ते आणखीच गोंधळत. हळूहळू विचारणंही कमी झालं. डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत राहत. पांढऱ्या चुन्याकडे माणूस इतका वेळ काय पाहतो?

मी घाबरलो. अंग गेलंच होतं, आता बाबांचं मनही चाललं, असं वाटलं. लकव्याच्या माणसांचं असं होतं हे मी ऐकून होतो. भावाला पत्र लिहायला बसलो आणि काय लिहावं सुचेना. ते मला विसरतील, माझ्याकडे पाहून कोण होय म्हणून विचारतील, त्या दिवसाची मी वाट पाहू लागलो आणि तो टळावा म्हणून वाटेल ते करू लागलो.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "ते बारदान कुठून कुठून आलेलं रायते बाप्पा. काय काय लागून आलं असन त्यासंग." मी शिकलेला माणूस. तरी दुसऱ्या दिवशी बायकोनं बाबांवरून मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या तेव्हा मी दुसरीकडे पाहत उभा राहिलो, थांबवलं नाही. हापिसातला एक मित्र म्हणाला, चुन्याचा वास डोक्यात गेला असेल. मी दोन दिवस दारं उघडी टाकून बसलो. दुसऱ्यानं त्याचं गजराचं घड्याळ महिनाभर वापरायला दिलं. ते मी बाबांच्या उशाशी ठेवलं. त्यांनी ते दिवसभर ऐकलं आणि संध्याकाळी मला विचारलं, "हे काय मोजून राह्यलं?"

काय सांगणार? त्यांना काटे वाचता येत नव्हते. मी शिकवायला बसलो. छोटा काटा, मोठा काटा. त्यांनी दोन-तीनदा प्रयत्न केला आणि मग म्हणाले, "राहू दे बाबू. तूच पाह्य." घड्याळामुळे मी वेळेवर हापिसात जाऊ लागलो एवढं खरं, पण त्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते रात्रीच्या जेवणापर्यंत वळवलं नाही.

शेवटी वैद्य आणले. त्यांनी नाडी धरली, डोळे पाहिले, वात चढला आहे म्हणाले, आणि काढा दिला. काढ्याला असा वास की गाय दावणीतून मागे सरके.

आणि काढ्यानं गुण आला! आठवडा झाला असेल. मी जोडे घालत होतो आणि बाबा आतून म्हणाले, "जाय, आजची गाडी पकडशीन तू." मी घड्याळ पाहिलं. बरोबर होतं. दुपारी, बायको सांगे, त्यांनी आपणहून जेवण मागितलं. आवाज सुधारला. एक दिवस तर त्यांनी मला पेरणीवरून शिव्या घातल्या, म्हणजे भावाला घालायच्या त्या मला. मला इतका आनंद झाला की मी गावभर वैद्यांची जाहिरात केली. चार जणांना तो काढा घ्यायला लावला. त्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

त्याच सुमाराला वांदरांची एक टोळी आमच्या छपरावरून गेली होती. पुढच्या खोलीवरचे कवेलू मी बदलले. मधल्या खोलीवर एखादा फुटला असेल असं वाटलं, पण आत छत होतं, त्यामुळे माती पडण्याची चिंता नव्हती. मग एका रविवारी सकाळी विचार केला, एकदा शिवण तपासून घ्यावी. दाभण घेतलं, सुतळी घेतली, स्टूल उचलून मधल्या खोलीत गेलो.

"आता कायले?" बाबा म्हणाले. "एकच तर सुट्टी रायते. बैस ना जरा."

"पाचच मिनिटं, बाबा."

"चहा तरी घे."

मी स्टुलावर चढलो. त्यांच्या खाटेच्या वर, जरा उगवतीला, तिरप्या शिवणीपाशी, बारदान बोटभर चिरलं होतं. फुटक्या कवेलूचा तुकडा पडून चिरलं असणार. मी दाभणात सुतळी ओवली आणि सहज खाली पाहिलं.

बाबांच्या छातीवर रुपयाएवढं ऊन पडलं होतं. त्यांनी त्यावर डावा हात ठेवला. ऊन हातावर आलं. त्यांनी हात काढून पांघरूण ओढलं, ते पांघरुणावर आलं. पुन्हा हात ठेवला, बोटं जुळवली. चालणाऱ्या त्या एका हातानं ते घाईघाईनं ते ऊन माझ्यापासून लपवत होते, आणि ते लपत नव्हतं. मी पाहतोय हे त्यांना दिसलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

"त्यातून माती पडत नाई रे," ते म्हणाले. "आठ दिस झाले, एक कण पडला नाई. तुया सुनेले, आपलं, तुया बायकोले विचार. म्या काई फाडलं नाई ते. वांदरानं केलं."

मला अजून नीट कळलं नव्हतं, खरं सांगतो. दारात बायको उभी होती, तिच्याकडे पाहिलं. ती खाली पाहत म्हणाली, "त्यायनं मले सांगतलं होतं, तुमाले सांगू नोको म्हणून."

मग हळूहळू ध्यानात आलं. जुन्या छपरात एक कवेलू सरकलेला होता, अगदी पहिल्यापासून. त्यातून येणारं ऊन सकाळी समोरच्या भिंतीवर असे, खुंटीवरून उतरत खाली येई, दुपारी जात्यापाशी, मग उंबऱ्याकडे. बाबा दोन वर्षं तेच पाहत होते. सकाळची माझी गाडी, सुनेचा भात, गाय, नळ, सगळं त्यांनी त्या रुपयाएवढ्या उजेडावर बसवलं होतं, आणि त्या घरात त्यांच्याकडे तेवढंच काम होतं. मी तीन रविवार खपून, सुतळीचे पक्के टाके घालून, वर चुना फासून ते बंद केलं, आणि नंतर त्यांना वेड लागतंय म्हणून गावभर रडत हिंडलो. मला स्वतःची लाज वाटली.

"कात्री आण," मी बायकोला म्हटलं.

तिनं आणली. मी चिरलेलं बारदान दोन्ही बाजूंनी कापू लागलो. चुन्याचे पोपडे त्यांच्या पांघरुणावर पडले. बाबा खालून म्हणत होते, "बस रे, बस. एवढं नोको. तुयी मेहनत होय ती." आणि लगेच, "तिकडून जरासं अजून. उगवतीकडून."

मी उगवतीकडून कापलं. ऊन त्यांच्या छातीवरून पसरत खाटेच्या कडेपर्यंत गेलं. ते त्याच्याकडे पाहत राहिले.

"बाबा," मी विचारलं, "एवढे दिवस बोलले काऊन नाई तुमी?"

ते म्हणाले, "मले वाटलं, तुया घरी असंच राहा लागत असन."

कापायचं तेवढं कापून झालं होतं, तरी मी बराच वेळ स्टुलावरून खाली उतरलो नाही.