सातवा सोडून सगळे

टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे लोकांनी दुरुस्तीला टाकलेले आणि न्यायला विसरलेले सेट. दुसरी म्हणजे बाकावर बसून राहिलेल्या लोकांच्या गप्पा. सेट निदान भंगारात देता येतात, किस्से कुणाला देणार? कुडव्याच्या रस्त्यावरच्या माझ्या दुकानात ते इतके साठलेत की त्यातले निम्मे एकट्या बिसेनभाऊंचे निघतील. तेवढेच सांगतो.

बिसेनभाऊ राहणार कामठ्याचे, नोकरी गोंदियात राइस मिलमध्ये. काम माल पारखायचं. पोत्यांची गाडी आली की पोत्यात परखी खुपसायची. परखी म्हणजे टोकदार, पोकळ लोखंडी नळी. ती बाहेर ओढली की तिच्यातून मूठभर दाणे येतात. ते तळहातावर घोळवायचे, एखादा दाताखाली धरायचा आणि अख्ख्या गाडीचा निकाल सांगायचा. भाऊंच्या निकालावर भलेभले व्यापारीही वाद घालत नसत.

असा हा माणूस, आणि नाद कसला? तर इंग्रज हेराच्या सिनेमांचा! आमच्या जन्माआधी सुरू झालेली ही मालिका अजून संपायचं नाव घेत नाही. १९९९ साली एकोणीस सिनेमे निघालेले होते. भाऊंनी त्याच वर्षी माझ्या दुकानात जाहीर केलं, "नागपुरात अस्तीन दहा लोकाईजवळ. पन गोंदिया जिल्ह्यात पुरा सेट एकाच घरी राहीन. कामठ्यात, माह्या घरी!"

आमचं मंडळ तिघांचं. भाऊ, माझे शेजारी टेंभरे सर, जे हायस्कूलात भूगोल शिकवायचे, आणि मशीन सांभाळायला मी. दर रविवारी दुपारी आम्ही कामठ्याला जायचो. कॅसेट, सीडी, डीव्हीडी, ज्या रूपात मिळेल त्या रूपात भाऊंनी सिनेमे गोळा केले. नवा निघाला की तोही घेतला. फक्त मालिकेतला सातवा काही केल्या मिळेना. तेरा वर्षं त्यांच्या जिवाला तेवढीच एक रुखरुख होती.

*

गोंदियात सीडीचं राज्य आलं तेव्हा मोहनभैयांनी आपल्या व्हिडिओ लायब्ररीतल्या कॅसेट विकायला काढल्या. भाऊ गेले, सोबत मी. लोक कॅसेटवरचं चित्र बघून घेतात. भाऊंनी एकेक कॅसेट हातावर तोलली, झाकण उचलून आतली पट्टी उजेडाला धरली, नाकाशी नेऊन वास घेतला. तासाभराने मोहनभैयांचा धीर सुटला.

"अरे भैया, पिक्चर है! चावल थोडी है!"

"ओलावा दोन्हीले लागते," भाऊ म्हणाले आणि पुढची कॅसेट उचलली.

अकरा पसंत पडल्या. मग त्यांनी सातवा विचारला. मोहनभैया हसायला लागले. "सातवाँ? वो तो मैंने खुद नहीं देखा! उसकी कोई डिमांड ही नहीं थी."

"म्हनूनच त पायजे," भाऊ म्हणाले.

*

सिनेमे जमले तसं त्यांचे नंबर लावायचं ठरलं. मार्क वहीत मांडायचे ते आण्यांत, पिकाची आणेवारी लावतात तसे. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक. इथवर आमचं तिघांचं एकमत होतं. पण पद्धत भाऊंची! सिनेमा पूर्ण पाहायचाच नाही. सुरुवातीला एका जागी, मध्ये एका जागी आणि शेवटाकडे एका जागी, दहा-दहा मिनिटं लावून पाहायचा. परखी मारल्यासारखा.

एका सिनेमाचे तिन्ही नमुने नेमके अशा जागी पडले की तिन्ही वेळा साहेब सूट घालून जेवायलाच बसलेले. (नायकाला आमच्यात 'साहेब' म्हणत.) भाऊंनी निकाल दिला, चार आणे.

टेंभरे सर उसळले. "अहो, मधे बर्फावरची काय पळापळी आहे त्यात! असा कुठे पिक्चर पाहतात का?"

"सर, पोत्यात तीन जागी परखी मारली अना तिन्ही जागी खंडाच निंघाला, त पोता खंड्याचाच नं!"

"मग तुमचा साहेब काय तुटका तांदूळ आहे?"

पंधरा दिवस दोघं बोलले नाहीत. शेवटी मी तडजोड काढली. कुणाचा आक्षेप आला तर फेरपरखी, आणि जागा आक्षेप घेणाऱ्याने सांगायची. त्या सिनेमाची फेरपरखी झाली, बर्फ निघाला आणि चाराचे बारा आणे झाले. भाऊंनी वहीतला जुना आकडा स्वतःच्या हाताने खोडला. चुकल्याचं कबूल करायला ते कधी लाजले नाहीत. म्हणूनच आम्ही त्यांचं ऐकत आलो.

*

भाऊंच्या आईला आम्ही काकू म्हणायचो. काकू तांदूळ निवडत निवडत एक डोळा टीव्हीवर ठेवायच्या. आता या मालिकेत दर काही वर्षांनी नायकाचं काम करणारा नट बदलतो, हे काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. एका रविवारी नवा चेहरा पाहून त्यांचा हात थांबला.

"जुना साहेब कोठी गेला गा?"

भाऊंनी शांतपणे सांगितलं, "बदली झाली, आई."

काकूंनी क्षणभर विचार केला. मग म्हणाल्या, "गडचिरोलीले धाडला असन. कामाचा मानूस होता बिचारा. कामाच्या मानसालेच तिकडं धाडतेत!"

टेंभरे सरांचे दोन भाऊ सरकारी नोकरीत. सर हसता हसता खाटेवरून खाली आले. काकूंना मात्र हसण्यासारखं काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे ज्या ज्या वेळी नवा नट आला, त्या त्या वेळी त्या जुन्यासाठी हळहळल्या.

*

पावसाळ्यात कॅसेटच्या पट्टीवर पांढरी बुरशी धरते. गोंदियातल्या निम्म्या कॅसेट त्या बुरशीनं खाल्ल्या. मी भाऊंना बजावून सांगितलं होतं, घरात सगळ्यात कोरडी जागा असेल तिथं ठेवा.

दिवाळीच्या आसपास त्यांनी एक कॅसेट दुकानात आणली. मी मशीनमध्ये घातली. कर्रर्र आवाज झाला आणि व्हीसीआर बंद! खोलून बघतो तर आत धानाचे तीन दाणे आणि कडुनिंबाचं एक वाळकं पान.

"भाऊ, कॅसेट ठेवल्या कुठं होत्या?"

"धानाच्या कोठीत. तुमीच त म्हनले, कोरडी जागा पाहा. आमच्या घरी त्याच्याहून कोरडी जागा नाई."

माझा पारा चढला होता. हेड साफ करायचं, रोलर बदलायचा, दोन दिवसांचं काम वाढलं होतं. भाऊंनी मात्र ते तीन दाणे उचलले, तळहातावर घोळवले, एक दाताखाली फोडला.

"वाळला हाय चांगला," ते म्हणाले. "मंग कॅसेटले ओलावा लागाचा सवालच नाई!"

आणि खरंच, एकाही कॅसेटला बुरशी नव्हती! तेव्हापासून काकूंनी प्रत्येक कॅसेटला जुन्या लुगड्याची पिशवी शिवली आणि कोठीतला मुक्काम चालूच राहिला. व्हीसीआरच्या पोटातून धान काढलेला दुसरा मेकॅनिक असेल तर मला दाखवा.

*

लोडशेडिंगच्या काळातला हा. एका सिनेमाची शेवटची परखी चालू होती. साहेब पाणबुडीत अडकलेत, पाणी छातीपर्यंत आलंय, आणि लाइट गेली! आता संध्याकाळपर्यंत यायची नाही. भाऊ अस्वस्थ. टेंभरे सर म्हणाले, "मी पाहिलाय हा, सांगतो पुढचं."

सरांनी जे सांगितलं ते असं काही रंगवून सांगितलं की विचारू नका. समुद्राचा तळ, तिथले प्रवाह, कुठून थंड पाणी येतं आणि कुठून गरम, त्या प्रवाहाच्या अंदाजाने साहेब कसे बरोबर किनाऱ्याला लागतात! काकूंनी सूप बाजूला ठेवलं. भाऊंनी वहीत चौदा आणे लिहिले.

पुढच्या रविवारी आम्ही खरा शेवट लावला. साहेबांनी एक बटण दाबलं आणि ते बाहेर आले. बस्स, एवढंच!

भाऊंनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीकडे पाहत होते.

वहीत आजही त्या सिनेमापुढे दोन आकडे आहेत. 'पिक्चरचा शेवट नऊ आणे. सरांचा शेवट चौदा आणे.'

*

भाऊंचं नाव पसरत पसरत नागपूरपर्यंत गेलं. तिथून एक गृहस्थ गाडी करून थेट कामठ्याला आले. त्यांच्याकडे सगळे सिनेमे होते, फक्त चौथा नव्हता. आमच्या वहीत चौथा पहिल्या नंबरावर, साडेचौदा आणे. गृहस्थांनी बॅगेतून एक डीव्हीडी काढून खाटेवर ठेवली. सातवा! अस्सल, कंपनीचा. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

"तुमचा चौथा द्या, हा घ्या."

भाऊंनी तो हातात घेतला. पाच मिनिटं नुसता उलटसुलट करून पाहत राहिले. मग परत खाटेवर ठेवला.

"एक पोता भराले दुसरा फाडाचा काय? मंग पुरा सेट कसा म्हनाचा?"

"मग कॉपी काढून घ्या," गृहस्थ म्हणाले. माझ्याकडे कॉपीची सोय होती. मी भाऊंना डोळ्यांनी खुणावत होतो, घ्या, घ्या!

"कापी नाई," भाऊ म्हणाले. "असन त अस्सल."

काकूंनी पाहुण्यांना पोटभर जेवू घातलं आणि रवाना केलं. खरं सांगतो, परतीच्या रस्त्यात मी भाऊंवर भयंकर चिडलो होतो. घर आलं तोवर राग गेला आणि अभिमान वाटायला लागला. असा माणूस आपल्या मंडळात आहे, हे मी बायकोला दोनदा सांगितलं.

पुढे टेंभरे सरांनी इंटरनेटवरून मागवायचंही सुचवलं. भाऊंचं उत्तर ठरलेलं. "नमुना हातात घेतल्याबिगर मी माल घेत नाई, सर. मिलमध्ये नाई अना घरी बी नाई."

*

आणि हा किस्सा भाऊंच्या मुलीच्या, वर्षाच्या साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा. नवरा मुलगा हर्षल, पुण्यात कंप्यूटरच्या नोकरीत. वर्षाने त्याला एवढंच सांगून ठेवलं होतं की बाबांना सातवा सिनेमा हवाय, अस्सल हवाय आणि तो तेरा वर्षांत मिळालेला नाही.

कामठ्याच्या घरात पाहुण्यांची दाटी. कुंकू लागलं, साखरपान झालं. मग हर्षलने पिशवीतून एक मोठं खोकं काढलं आणि भाऊंच्या मांडीवर ठेवलं. काळंभोर, चकचकीत. भाऊंनी झाकण उघडलं. आत पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे सिनेमे! एका मापाचे, एका रंगाचे, ओळीने नंबर घातलेले.

"बाबा, सातवा सुटा मिळतच नव्हता," हर्षल म्हणाला. "म्हणून अख्खा सेटच घेतला."

समोरच्या फळीवर भाऊंचे सिनेमे होते. कोठीतून आज मुद्दाम बाहेर काढून मांडलेले, काही लुगड्याच्या पिशवीत, काही सीडीच्या पाकिटात, एक उंच, एक बुटका. तेरा वर्षांची वणवण तिथं, आणि तेवढंच सगळं इथं एका खोक्यात, दुकानातून आलेलं. टेंभरे सर उगाच खाकरले. दारात उभ्या वर्षाचा चेहरा पडला. आपण काय करून बसलो, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं असावं. हर्षलला मात्र काहीच कळत नव्हतं. तो आनंदाने भाऊंच्या तोंडाकडे पाहत होता.

भाऊंनी नंबरांवरून बोट फिरवत नेलं. सातव्यावर थांबले. तो काढला, मागून पुढून पाहिला, उघडून तबकडी उजेडाला धरली. मग उठले, फळीपाशी गेले आणि सहाव्या-आठव्याच्या मधे तो सरकवला. जागा कमी पडत होती, म्हणून दोन्ही हातांनी ओळ दाबून बसवली. थोडं मागे सरून एकदा पूर्ण फळी पाहिली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्यांनी काही घाई केली नाही.

मग ते परत आले. खोक्याचं झाकण नीट लावलं, खोकं दोन्ही हातांत धरलं आणि हर्षलच्या मांडीवर ठेवलं.

"जवाईबापू, हे वापस घेऊन जाजा. बाकीचे हायेत माह्याजवळ."